इंजिन न खोलल्याबद्दल, मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन साधा, त्यामुळे हे तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगितलंय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, किक मारा" म्हणून विषय संपवता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांची ९३ सालची हिरो होंडा सीडी १०० मोटरसायकल कट्-कट् वाजायची, हिसके द्यायची. तुमच्याकडे आणली, त्याआधी मी ती दुसरीकडे दाखवली होती. तिथे गाडी स्टँडवरसुद्धा न लावता निकाल लागला: गिअरबॉक्स गेला, इंजिन उतरवावं लागेल, चौदा हजार. बाबा म्हणाले, मग विकूनच टाक. तुम्ही मात्र आधी चहा सांगितलात, मग इंजिन बंद करायला लावलंत आणि म्हणालात, "न्यूट्रल करा न् ढकला." ढकलली, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तीच कट्-कट्. "इंजिन झोपलंय, मग बोलतंय कोण?"

सीडीचं चेनकव्हर पूर्ण बंद, त्यामुळे आतलं दुखणं आम्हाला वर्षानुवर्षं दिसलंच नव्हतं. कव्हर उतरवलंत, चाक सावकाश फिरवलंत. चेन एका जागी लोंबायची, अर्धा फेरा पुढे गेलं की ताठ. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्रावरून, चिमटीत धरून ओढलीत तर खालचा दात निम्मा उघडा पडला, आणि दातही गळासारखे वाकलेले. मग स्प्रॉकेट हातात धरून मागेपुढे हलवून दाखवलंत. हबमधली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातली, हिसके झेलणारी रबरं चेपून पापड झालेली. ॲक्सिलरेटर सोडल्या-दिल्यावर बसणारा हिसका तिथला होता. तो गिअरचा म्हणून मी घाबरत होतो.

क्लचचं प्रकरण वेगळं, आणि त्यात गुन्हेगार मीच. यवतेश्वरच्या चढावर इंजिन ओरडायचं, गाडी जागेवरच. तुम्ही लिव्हर दाबून पाहिलीत आणि माझ्याकडे बघितलंत. क्लच मऊ लागावा म्हणून केबल मीच ताणली होती, लिव्हरला मोकळा खेळ शून्य. म्हणजे लिव्हर सोडली तरी क्लचच्या प्लेटा एकमेकींना पुऱ्या धरतच नव्हत्या. टोकाशी दहा-पंधरा मिलीमीटर ढिली केलीत. फरक पडला, थोडासाच.

"ऑइल कुठलं टाकलंय?" यावर मी गप्प. दादाच्या कारचं उरलेलं टाकलं होतं, एक लिटर वाया कशाला घालवायचं! कारचा क्लच सहसा कोरडा, इंजिनच्या बाहेर. आपल्या गाडीच्या क्लच प्लेटा मात्र इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडलेल्या. इंजिन हलकं फिरावं म्हणून कारच्या ऑइलमध्ये घातलेली निसरडी औषधं इथे प्लेटाच घसरवतात. हे तुम्ही न रागावता सांगितलंत, त्याचीच जास्त लाज वाटली. डब्यावर 'जासो एमए' ही ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण बघून घ्यायची, एवढं आता पाठ आहे.

तेव्हाही तुम्ही लगेच खोललं नाहीत. ऑइल बदललंत, "दोन दिवस चालवा, मग बघू." तिसऱ्या दिवशी चढाला पुन्हा तेच, तेव्हा कुठे उजव्या बाजूचं कव्हर निघालं. प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत, मधल्या पोलादी चकत्यांवर निळे डाग. जळण्याचा तो वास माझ्या बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत होता. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवल्यात, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपू शकतात म्हणून. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. बरं झालं.

चेनसेट, हबची रबरं, प्लेटा, पॅकिंग, ऑइल आणि मजुरी धरून चौदा हजारांच्या चौथ्या हिश्शातही बसलं सगळं. गिअरबॉक्सला हात लागला नाही.

बाबा परवा आईला मागे बसवून यवतेश्वरला जाऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तिसऱ्यावर चढली." आणि चावी माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात टाकली.

तुमचा,
केबल ताणणारा