सोलर टॉर्चबद्दल तक्रार : खोक्यावर ९००० एमएएच, आत १२०० चा सेल, पैसे परत हवेत

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमच्या कंपनीची सोलर रिचार्जेबल टॉर्च आम्ही आळेफाट्याच्या एका दुकानातून मार्च महिन्यात ७४९ रुपयांना घेतली, पक्कं बिल आहे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे. फोनवर तक्रार करून झाली पण प्रत्येक वेळी वेगळा माणूस बोलतो आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला लावतो, म्हणून आता लेखी देतेय. कृपया पूर्ण वाचा.

आधी हे सांगते की आम्हाला टॉर्च कशासाठी लागते, कारण तुमचा फोनवरचा माणूस म्हणाला "मॅडम घरगुती वापराला ठीक आहे ना". आम्ही जुन्नर तालुक्यात वस्तीवर राहतो, ऊस आहे, थोडा कांदा आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीतून दिवसा लाईट मिळणार म्हणतात, काही गावांत मिळायलाही लागली, आमच्या फीडरला अजून रात्रपाळी आहे. म्हणजे रात्री मोटर चालू करायची आणि उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी द्यायला जायचं, मी आणि माझे मिस्टर दोघंही जातो कारण एकट्याने जायचं नाही असं फॉरेस्टवाले सांगून जातात. जुन्नरला बिबट्या किती आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, इथे माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, आणि मादी पिल्लं घालते ती उसातच. बिबट्या नसला तरी पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांत घोणस असते, ती रंगाने पाचटासारखीच दिसते, चांगला उजेड नसेल तर पाय पडेपर्यंत कळत नाही. अशा ठिकाणी आम्ही तुमची टॉर्च हातात घेऊन जातो.

खोक्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं देते. "९००० एमएएच लिथियम बॅटरी, ६ तास उन्हात फुल चार्ज, १२ तास प्रखर उजेड, शेतकऱ्यांसाठी खास." (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप.) शेवटचं वाक्य बघूनच घेतली.

प्रत्यक्षात दिवसभर पत्र्यावर ऊन खात ठेवली तरी रात्री तासभरसुद्धा नीट चालत नाही. आणि बंद पडते तीसुद्धा सांगून नाही, म्हणजे उजेड हळूहळू पिवळा पडत गेला तर माणूस बांधावर तरी येईल, इथे एकदम खटकन अंधार. मिस्टर उसाच्या मधल्या सरीत होते, पाणी फोडलेलं, पायाखाली चिखल, आणि टॉर्च बंद. मोबाईलच्या उजेडावर बाहेर आले. त्या रात्री मला काय वाटलं ते या पत्रात लिहून उपयोग नाही, पण तुमच्या घरचं कोणी तिथे असतं तर तुम्हाला कळलं असतं.

माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतोय. त्याने मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढला. (तुमचा माणूस लगेच म्हणाला टॉर्च खोलली की वॉरंटी गेली. झाकण हाताने फिरतं, सेल कसा काढायचा त्याचं चित्र तुमच्याच माहितीपत्रकात आहे, त्याला खोलणं म्हणत नाहीत.) तर त्या सेलवर स्पष्ट छापलंय १२०० एमएएच. खोक्यावर ९०००, आत १२००! फोटो जोडलाय. मुलगा म्हणतो हा १८६५० मापाचा सेल आहे, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब, या मापात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेल घेतला तरी साडेतीन ते चार हजार एमएएचच्या आसपास जातो, ९००० यात बसूच शकत नाही. म्हणजे हे एका पीसमध्ये चुकून झालं असं म्हणता येणार नाही, खोकं छापणाऱ्याला माहीतच असणार की आत एकच सेल जातो.

मग त्याने सेल आणि बॉडीच्या मध्ये मीटर लावून भर दुपारी कडक उन्हात पॅनलचा करंट मोजला, ९० मिलीअँपिअर आला, त्याच्या वर काही गेला नाही. आता तुमचाच आकडा धरा, ९००० भागिले ९०, शंभर तास झाले. दिवसात कडक ऊन पाच तास धरलं तर वीस दिवस लागतील, आणि तुम्ही लिहिता सहा तास. बरं आतला खरा १२०० चा सेल धरला तरी तेरा तासांच्या वर जातात, म्हणजे जवळजवळ तीन दिवस उन्हात ठेवायची तेव्हा एकदा भरणार आणि तासाभरात संपणार. सहा तासांचा आकडा कोणत्याच हिशोबात बसत नाही. तळहातापेक्षा लहान पॅनल आहे, त्यातून एवढीच वीज निघणार, पॅनलची काही चूक नाही, चूक लिहिणाऱ्याची आहे. आणि तो लाल दिवा! जरा ऊन लागलं की पेटतो, ढग असला तरी पेटतो, आपल्याला वाटतं चार्ज होतेय. पावसाळ्यात तर काय होईल सांगायलाच नको.

फोनवर मला तीन उत्तरं मिळाली. एक म्हणे ऊन कमी पडत असेल. एप्रिलमध्ये, आमच्याकडे! दुसरा म्हणे यूएसबीवर चार्ज करा. अहो वस्तीवर घरची लाईटसुद्धा शेतीच्याच फीडरवर आहे, थ्री फेज नसली की दिवासुद्धा धड लागत नाही, म्हणून तर सोलरची घेतली, आणि यूएसबीवर भरली तरी सेल १२०० चाच राहणार ना. तिसरा म्हणे सेलला वॉरंटी नसते. वॉरंटी कार्डावर फक्त "६ महिने" लिहिलंय, सेल सोडून असं कुठेही लिहिलेलं नाही, कार्डाचाही फोटो जोडलाय.

अजून एक, माहितीपत्रकात पहिल्या पानावर "थेट उन्हात चार्ज करा" आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "जास्त तापमानात ठेवू नये, सेल खराब होऊ शकतो". मग ठेवायची कुठे? लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्यावरून टॉर्च उचलली तर हाताला चटका बसतो, पॅनल आणि सेल एकाच काळ्या बॉडीत आहेत. निदान पॅनल वायरीने वेगळं दिलं असतं तर पॅनल उन्हात आणि टॉर्च सावलीत ठेवता आली असती.

आता आमचं मागणं. ७४९ रुपये परत द्या, बदलून दुसरी टॉर्च नको, कारण दुसऱ्या खोक्यातही हेच निघणार. आणि पैशापेक्षा मला हे जास्त पाहिजे की खोक्यावर खरे आकडे छापा. १२०० चा सेल आहे तर १२०० लिहा, तीन दिवस ऊन लागतं तर तीन दिवस लिहा, ज्याला परवडेल तो घेईल, आम्हीसुद्धा मग एक जास्तीची टॉर्च खिशात ठेवून गेलो असतो. पुढच्या मालात सेल उतरला की आधी लुकलुकून इशारा देईल अशी सोय करा. आमच्या शेजारच्या दोन वस्त्यांवर हीच टॉर्च आहे, त्यांना मी सांगितलंय, पण बाकी तालुक्यात कोणाकोणाच्या हातात आहे मला काय माहीत, ते तुम्हाला माहीत असेल, त्यांना कळवा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवणार आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. त्याच कायद्यात जाहिरात म्हणजे खोक्यावरचं लेबलसुद्धा धरलंय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं.

टॉर्च आणि सेल मी जपून ठेवलाय. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर पाठवा, रात्रपाळीच्या आठवड्यातच पाठवा, दारं धरायला आमच्याबरोबर येऊ दे.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, खोक्याच्या चारही बाजू, सेल आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो.

आपली ग्राहक,
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे