सूचना : पिलाटिस वर्गात प्रथमच येणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मंडळाच्या पिलाटिस (श्वास व पोटाच्या स्नायूंवर ताबा ठेवून करण्याचे व्यायाम) वर्गात प्रथमच येणाऱ्यांनी वर्गापूर्वी दहा मिनिटे उपस्थित राहून पाठदुखी, हाडांचा ठिसूळपणा, गरोदरपण किंवा अलीकडची शस्त्रक्रिया यांबाबत प्रशिक्षिकांना आवर्जून सांगावे, कारण त्यानुसार काही व्यायाम बदलावे किंवा वगळावे लागतात. चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटत असल्यास त्यांच्याशी बाजूला बोलावे.

भरपेट जेवून येऊ नये. मॅट जाड असावी. पाठीच्या मणक्यांवर लोळण्याच्या व्यायामांत पातळ सतरंजी टोचते.

सुरुवातीच्या व्यायामांपैकी ‘हंड्रेड’मध्ये उताणे झोपून, डोके व खांदे किंचित वर उचलून, सरळ हात शरीरालगत लहान झोक्यांनी वर-खाली हलवत पाच अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा व पाच मोजेपर्यंत सोडायचा, असे दहा वेळा करायचे असते. नवीन सभासदांनी गुडघे वाकवून, तळपाय मॅटवर टेकवून हा व्यायाम करावा आणि मानेवर ताण जाणवताच डोके खाली ठेवावे. शेजारी काय करतात हे पाहून घाई करू नये. येथे आकड्यापेक्षा श्वास आणि पोटाच्या स्नायूंवरील ताबा महत्त्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीव्र कळ आल्यास तत्काळ थांबून प्रशिक्षिकांना सांगावे.

– कार्यवाह