मेकनच्या बाईंना, बाबांच्याही वतीनं

आदरणीय बाई,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आमच्या घरात तुम्ही 'मेकनच्या बाई' आहात आणि तेवढं पुरतं. पत्र मराठीत लिहितेय, कारण ते बाबांनी लिहायला लावलं. "इंग्रजीतून आभार मानले की कागद होतो, पत्र होत नाही," असं ते म्हणाले. रविवारच्या फोनवर मी तुम्हाला सगळं इंग्रजीत सांगेनच. पण इथल्या चार माणसांनीही हे वाचावं अशी त्यांची इच्छा आहे. का, ते पुढे येईल.

ऑक्टोबर २००१ चा शेवटचा शनिवार. अटलांटातली माझी नोकरी महिन्यापूर्वी गेली होती, व्हिसाचे दिवस मोजत होते. ऑफिसातल्या एकानं जाताना 'ॲट फिलमोर ईस्ट'ची सीडी हातात ठेवली होती. ऑलमन ब्रदर्स बँडचं हे १९७१ चं रेकॉर्डिंग मी पंधरा दिवस दुसरं काही न लावता ऐकत होते. मुखपृष्ठावरचा विटांच्या भिंतीचा फोटो जॉर्जियातल्याच मेकन गावी काढलाय हे कळलं आणि गाडी काढली. दीड तासाचा रस्ता. भिंत काही सापडली नाही, पण रोझ हिल स्मशानभूमी सापडली. उतारावर थडगी, खाली रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे ओकमल्गी नदी. याच बँडच्या ड्वेन ऑलमन आणि बेरी ओकली यांच्या शेजारी-शेजारी असलेल्या थडग्यांवरची पानं तुम्ही हातानं वेचत होता. केरसुणी नव्हती, हातानं. दोन दिवसांवर ड्वेनची तिसावी पुण्यतिथी होती.

तुम्ही मला कुठली, कोण, असं काही विचारलं नाही. "एलिझाबेथ रीड पाहिलीस का?" एवढंच विचारलंत आणि उतारावरून घेऊन गेलात. बँडच्या डिकी बेट्सनं ज्या बाईच्या थडग्यावरचं नाव आपल्या रचनेला दिलं, ती बाई खरंच तिथे झोपलेली आहे. मी दगडावर हात ठेवला आणि का कोण जाणे, रडू आलं. नोकरी गेल्यावरही आलं नव्हतं.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये सहा जण एकत्र आले. गिटारवर ड्वेन आणि डिकी बेट्स, ऑर्गन आणि गाणं ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग, बेसवर बेरी ओकली, आणि दोन ड्रमवाले, बुच ट्रक्स आणि जेमो. थोड्याच दिवसांत ते जॉर्जियातल्या मेकनला राहायला आले. जेमो काळे, बाकीचे गोरे. त्या काळच्या जॉर्जियात अशी मंडळी एका घरात राहणं, एका ताटात जेवणं ही साधी गोष्ट नव्हती. खिशात पैसे नसायचे तेव्हा 'एच अँड एच' खानावळीच्या लुईज हडसन त्यांना वाढायच्या, पैशांचं पुढे बघू म्हणायच्या. तुम्ही त्या दिवशी मला तिथेच जेवायला नेलंत. पुढे ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्येच मोटारसायकलच्या अपघातात गेला, २४ व्या वर्षी. वर्षभरानं तिथून जवळच तशाच अपघातात बेरी गेला, तोही २४ चाच. बँड तुटला, जुळला, परत तुटला आणि १९८९ पासून नव्यानं उभा राहिला तो २०१४ पर्यंत. तुम्ही १९६९ मध्ये अटलांटाच्या पीडमाँट पार्कात त्यांचं फुकटातलं वाजवणं ऐकलं होतंत, कॉलेजात असताना. तेव्हापासून तुम्ही त्यांच्या मागे.

निघताना तुम्ही गाडीच्या डिकीतून बुटांचा खोका काढून दिलात. आत बावीस कॅसेट. मॅक्सेलच्या, नव्वद मिनिटांच्या. प्रत्येकीच्या कागदावर निळ्या शाईत तुमचं तिरकं, बारीक अक्षर: तारीख, थिएटर, गाण्यांची यादी, आणि कोपऱ्यात एक आकडा. दोन किंवा तीन. मी विचारलं तर म्हणालात, ही पिढी. मूळ टेप म्हणजे मास्टर, तिच्यावरून उतरवलेली पहिली, पहिलीवरून उतरवलेली दुसरी. जितकी पिढी पुढची तितकी खरखर जास्त, म्हणून खोटी पिढी कधी लिहायची नाही. श्रोत्यांनी माइक लावून कार्यक्रम टेप करायला या बँडनं मोकळीक दिली होती. त्यामुळे टेप करणाऱ्यांची अख्खी बिरादरी तयार झालेली. तिचा नियम एकच, विकायचं नाही. ज्याला हवं त्यानं कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, ज्याच्याकडे आहे त्यानं उतरवून द्यायचं. मी कोऱ्या कॅसेट आणून देते म्हटलं तर तुम्ही मान हलवलीत. "मला नको. पुढच्याला दे."

घराणं, गंडा, वही यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही नेमकं तेच करत होता.

मी २००५ मध्ये पुण्याला परतले. तो खोका बाबांच्या हाती लागला. बाबा आयुष्यभर सवाई गंधर्वच्या मांडवात बसलेले, तबल्याचा चांगला कान असलेले. रॉक म्हणजे आदळआपट, हे त्यांचं मत पक्कं. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात लागली आणि त्यांचा हात मांडीवर चालायला लागला. थांबले, परत लाव म्हणाले. तीन, तीन, तीन, दोन. "अगं, अकरा मात्रा आहेत! रुद्र ताल वाजवतायत का हे लोक?" त्या गाण्याचा फिलमोरमधला आविष्कार जवळपास २३ मिनिटांचा आहे, आणि बाबांनी तो त्या रात्री तीनदा ऐकला. नंतर डेरेक ट्रक्स असलेल्या टेपा आल्या. बुचचा हा पुतण्या १९९९ मध्ये बँडमध्ये आला. पुढे कळलं, सरोदवादक अली अकबर खाँ यांच्या सॅन राफेलच्या कॉलेजात तो शिकला होता. ते कळायच्या आधीच बाबा त्याची स्लाइड गिटार ऐकून म्हणाले होते, "ही मींड आहे. या पोराच्या कानात सरोद आहे." मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तुमचा आवाज किती हलका झाला होता! त्या दिवसापासून तुमचे रविवारचे फोन माझ्याइतकेच बाबांसाठी यायला लागले. मध्ये बसून भाषांतर करताना माझी धांदल व्हायची, आणि मला ते फार आवडायचं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधले कार्यक्रम रद्द झाले. दर मार्चला तिथे मुक्काम टाकायचा हा बँडचा अनेक वर्षांचा रिवाज, आणि ग्रेगच्या हिपॅटायटिस सीच्या उपचारांमुळे तो मोडला. तुम्ही ते सांगितलंत, त्यानंतर दोनच महिन्यांनी बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं आणि चिठ्ठीवर तोच शब्द आला. हिपॅटायटिस सी. सोनोग्राफीत लिव्हरवर व्रण दिसले. सिरॉसिसची सुरुवात.

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोक दुसरं काही मनात आणतच नाहीत. एका नातेवाइकांनी "कधी काळी घेत असतील" असं आईला ऐकू जाईल असं म्हटलं. कुणी चहाचा कप वेगळा ठेवायला सांगितला. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी कागदावर औषध लिहिलं आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर. बाबांनी मैफलींना जाणं थांबवलं. हार्मोनियमवाल्या मित्राशेजारी बसायला लाज वाटते म्हणाले.

त्या रविवारी तुम्ही दोन तास बोललात. तुम्ही आयुष्यभर लिव्हरच्या वॉर्डात नर्स होतात, हे मला सात वर्षांत पहिल्यांदा कळलं. बँडबद्दल बोलताना तुम्ही स्वतःबद्दल कधी काही बोललाच नव्हता. हा विषाणू रक्तातून जातो, ताट-कप-टॉवेलमधून जात नाही, हे तुम्ही आईला फोनवर घेऊन सांगितलंत आणि मला शब्दशः भाषांतर करायला लावलंत. मग विचारलंत, बाबांना कधी रक्त चढवलं होतं का. हो. १९८३ मध्ये, स्कूटरच्या अपघातात, चार बाटल्या. "हा विषाणू ओळखलाच गेला १९८९ मध्ये," तुम्ही म्हणालात. "तेव्हा ते रक्त तपासणं कुणालाच शक्य नव्हतं. ग्रेगना वाटतं, त्यांना तो टॅटूच्या सुईतून आला. तुमच्या बाबांना वाचवणाऱ्या रक्तातून आला. यात कुणाची लाज आहे?"

आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बाबांचा वेगळा ठेवलेला कप बाकीच्या कपांत मिसळून टाकला. नंतर तो कुठला होता हे कुणालाच सांगता आलं नाही.

इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याला एक, त्या रात्री हुडहुडी भरून ताप, आणि नंतर चार दिवस नुसती उदासी. उदासी औषधाची आहे, माणसाची नाही, हेही तुम्हीच आधी सांगून ठेवलं होतंत, म्हणून आम्ही ती सोसू शकलो. अकराव्या आठवड्यात प्लेटलेट इतक्या उतरल्या की उपचार थांबवावे लागले. त्यानंतर नुसतं वाट बघणं. २३ जून २०१० ला जॅक्सनव्हिलच्या मेयो क्लिनिकमध्ये ग्रेगचं लिव्हर प्रत्यारोपण झालं. ते दिवस आमच्याकडे घरचं कुणी ऑपरेशनला गेल्यासारखे गेले. बाबा रोज विचारायचे, "त्यांचं कसं आहे?" तुम्ही अफवा कधी सांगितल्या नाहीत. जे जाहीर झालं तेवढंच, आणि त्याचा अर्थ काय ते. बाकी कुणी काही म्हणालं तरी "तो त्यांचा खासगी प्रश्न आहे" एवढंच. एखाद्या गायकावर जीव लावावा तर असा, हे मी तुमच्याकडून शिकले. त्याच्या दुखण्याची बातमी करायची नाही, त्याच्या दुखण्यात त्याच्यासोबत थांबायचं.

२९ ऑक्टोबर २०१४, पुण्यात सकाळचे अकरा. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड. बीकनबाहेरच्या फुटपाथवरून तुमचा फोन. बँडचा शेवटचा कार्यक्रम नुकताच संपला होता. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे ड्वेनची पुण्यतिथी लागली होती. १९६९ मध्ये जे गाणं सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा वाजवलं, 'ट्रबल नो मोअर', तेच शेवटी वाजवून थांबले. तुम्हाला बोलवेना. मागे गाड्यांचे हॉर्न आणि कुणीतरी रडत होतं. बाबा फोन हातात धरून नुसते "हां... हां..." करत राहिले. भाषांतराची गरज पडली नाही.

आणि त्यानंतरच्याच रविवारी, अजून घसा बसलेला असताना, तुम्ही म्हणालात: नव्या गोळ्या आल्यात, सोफोसबुव्हिर. इंजेक्शन नाही. इथे एका गोळीला १,००० डॉलर पडतात, पण भारतात त्या बनणार आहेत, परत डॉक्टरांकडे जा. बाबा जायला तयार नव्हते. एकदा हरलेल्या माणसाला परत तपासणी म्हणजे नको वाटतं. तुम्ही दर आठवड्याला विचारत राहिलात. पुढच्या वर्षी भारतात बनलेल्या गोळ्या बाजारात आल्या, आणि २०१५ च्या अखेरीला बाबांनी सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर सुरू केल्या. चोवीस आठवडे. २०१६ च्या दिवाळीआधी रिपोर्ट आला: विषाणू नाही. मी तो रिपोर्ट तुम्हाला वाचून दाखवला, तर तुम्ही तिसऱ्यांदा वाचायला लावलात आणि लगेच म्हणालात, सिरॉसिस होता, तेव्हा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. बाबांनी आजवर एकही चुकवलेली नाही.

२७ मे २०१७ ला ग्रेग गेले, ६९ व्या वर्षी, लिव्हरच्या कॅन्सरनं. तो काही वर्षांपूर्वीच परत आला होता आणि ग्रेगनी ते स्वतःपाशी ठेवलं, हे त्यांचे व्यवस्थापक मायकेल लेहमन यांनी नंतर सांगितलं. मेकनच्या रस्त्यांवर दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांत तुम्हीही होता. तुमच्या आवाजात पहिल्यांदा म्हातारपण ऐकू आलं. बाबांना तुम्हाला काही म्हणायचं होतं आणि त्या दिवशी त्यांना जमलं नाही. ते हे: "ज्या आजारानं तुमचा माणूस गेला, त्यातूनच तुम्ही माझा जीव काढलात. मला त्याचं ओझं वाटतं, आणि आनंदही वाटतो."

त्या सप्टेंबरात आलेली 'सदर्न ब्लड' तुम्ही टपालानं पाठवलीत. शेवटच्या गाण्यात ग्रेगना गळा दाटून शेवटच्या ओळी म्हणता आल्या नाहीत, आणि निर्माते डॉन वॉज यांनी ते तसंच ठेवलं. बाबा तिथे दर वेळी डोळे मिटतात. ती रिकामी जागा त्यांनी समेसारखी पाठ केली आहे.

गेल्या वर्षी कोल्हापूरचा एक मुलगा आला होता, गिटार वाजवतो, वय एकोणीस. त्याला मी चौदा कॅसेट उतरवून दिल्या. पिढीचा आकडा खरा लिहिलाय. कोऱ्या कॅसेट त्यानं देऊ केल्या, मी घेतल्या नाहीत. त्यालाही तेच सांगितलं.

बुच गेले, ग्रेग गेले, एप्रिल २०२४ मध्ये डिकीही गेले, ८० व्या वर्षी. त्या रविवारी तुम्ही म्हणालात, जेमोंच्या ड्रमचा आवाज मागच्या रांगेतूनही कळायचा. बाबा म्हणाले, त्यांचा हात हलका आहे, म्हणून.

एक कामाचंही आहे. मार्चमधल्या बीकनच्या एका कॅसेटची, सतरा नंबरची, बी बाजूची फीत गेल्या आठवड्यात डेकमध्ये गुंडाळून तुटली. बाबांनी चिकटपट्टीनं जोडली, पण जोडावर दोन मात्रा हुकतात आणि ते त्यांना सहन होत नाही. मूळ टेप तुमच्याकडे असेल तर परत उतरवून पाठवाल का? सोबत कोरी मॅक्सेल ठेवली आहे, न उघडलेली, टपालखर्चासकट. या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
पुण्याची मुलगी, आणि तिचे बाबा