नेपाळ म्हणजे नुसता बर्फ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नेपाळवरचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह दांडगा आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘बाराही महिने थंड, फक्त पावसाळा टाळा आणि गरम कपडे भरपूर न्या’ हा सल्ला वाचून राहवलं नाही.

असल्याच सल्ल्यावर विसंबून आम्ही भर मे महिन्यात गेलो होतो. यात्रा कंपनीने दिलेल्या यादीत स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे सगळं होतं. छत्रीचं नाव नाही. सुनौलीची हद्द ओलांडून लुंबिनीला पोचलो तर लू वाहत होती. मायादेवी मंदिराला चपला बाहेरच काढाव्या लागतात. दुपारची वेळ, वहिनींना पाऊल टेकवेना. शेवटी डोंगरात उंचावरच्या मुक्तिनाथच्या थंडीसाठी घेतलेले मोजे त्यांनी तिथेच पायांत चढवले, तेव्हा कुठे दर्शन झालं. मॅनेजर घाम पुसत म्हणतो कसा, ‘काका, नेपाळ आहे, गरम कसं होईल?’

लुंबिनीची उंची दीडशे मीटरच्या आसपास. आमचं कऱ्हाड त्याहून कितीतरी उंचावर आहे! नेपाळगंजकडे तर मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. या देशाची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरही नाही, आणि तेवढ्यात जमीन सुमारे 60 मीटरपासून 8,848 मीटरपर्यंत चढते. तिथे एकच एक हवामान असेल कसं? काठमांडू तर दिल्लीच्याही दक्षिणेला आहे. 2007 मध्ये तिथे बर्फ पडला, तो साठहून अधिक वर्षांनी.

बरं, पावसाळा टाळा म्हणजे कुठला? पोखऱ्याजवळच्या लुमलेला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अन्नपूर्णा-धौलागिरीच्या पर्वतरांगांपलीकडे जोमसोमला जेमतेम तीनशे. महाबळेश्वर आणि माण-खटाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जोमसोमच्या मुस्तांग जिल्ह्यात तर लोक मुद्दाम पावसाळ्यात ट्रेकला जातात.

‘पोखऱ्याहून जोमसोमसाठी दुपारचं विमान घ्यावं’ हे वाचून मात्र हसू आलं. उत्तरेकडचं पठार उन्हाने तापलं की खालची हवा काली गंडकी नदीच्या घळीतून वर खेचली जाते. अकराच्या सुमारास असा वारा सुटतो की बोलता सोय नाही, म्हणून जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. दुपारी तिथे उडते ती फक्त धूळ.

लेखाखाली यात्रा कंपनीची अर्धं पान जाहिरात होती, ती मात्र रंगीत आणि सुवाच्य. त्यातला चार बोटं कोपरा नकाशाला दिला असता तर काय बिघडलं असतं?

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर याही रविवारी छापलेलं नाही. आमचा उभा सात अजून अडलेला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कऱ्हाड