कुंडीतली भाजी तोडायची केव्हा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत आता गच्च्या नि बाल्कन्यांतून भेंडी, काकडी, दोडका दिसू लागले आहेत. कुंडी केवढी, खत किती, हे वृत्तपत्रांतून भरपूर छापून येते. तोडणीचा मात्र उल्लेखही क्वचित. मग ‘अजून जरा मोठी होऊ दे’ म्हणत भाजी जून होते आणि पुढचा बहरही रोडावतो.

भेंडीचेच घ्या. फूल उमलल्यापासून साधारण 5-6 दिवसांत ती बोटभर होते, तेव्हाच काढावी. शेंडा कट्‌कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड फेरी हवीच. शेंगांत बी भरू लागले की झाडाचे अन्न तिकडे वळते आणि नवी फुले कमी होतात. बियाणे हवे असेल तर हंगामाच्या शेवटी एखादी शेंग राखावी. तोडलेली भेंडी धुऊन ठेवू नये, बुळबुळीत होऊन काळी पडते. कोरडीच कापडात गुंडाळावी. गवारीचेही गणित हेच.

वेलावरचे फळ ओढून काढू नये. कुंडीतली मुळे उथळ असतात, हिसक्याने तुटतात. सेंटिमीटरभर देठ ठेवून कात्रीने कापावे. दुधीवर लव आहे आणि नख सहज रुतते तोवर तो कोवळा. दोडक्याच्या शिरा टणक झाल्या की आत जाळी धरली समजा. काकडी पिवळी पडेपर्यंत थांबू नये.

काकडी किंवा दुधी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून, अख्खे फळ टाकून द्यावे. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा, शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावली आहेत, त्यामुळे इथे काटकसर नको. कारल्याची गोष्ट वेगळी, त्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा.

टोमॅटो उन्हाळ्यात झाडावर लाल होण्याची वाट पाहू नये. तापमान 30 अंशांच्या वर राहिले की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहते. टोकाला गुलाबी छटा आली की तोडून घरात सावलीत पिकवावे, फ्रिजमध्ये नाही. वांगे चकाकी असतानाच काढावे. निस्तेज झाले की आत बिया.

वेळ सकाळची, ऊन चढण्याआधी. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारनंतर खुडलेला माठ लगेच मान टाकतो.

कारली-दोडकी लहानपणीच वाकडी, पिवळी होऊ लागली तर बहुधा फळमाशी. अशी फळे कुंडीत पडू देऊ नयेत. आतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि महिन्याच्या आत नव्या माश्या तयार. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवावीत, मगच कचऱ्यात. चांगल्या फळांवर बोटाएवढी असतानाच कागदी पिशवी चढवावी.

दर फेब्रुवारीत आपण लागवडीची माहिती छापता, तेव्हा त्याच पानावर तोडणीचा छोटा तक्ताही द्यावा, ही विनंती. निदान भेंडी, काकडी आणि दुधीचा तरी.

– गच्चीबागेत रमणारे काही वाचक, ठाणे (पश्चिम)