कारण सापडेना, म्हणून मदतही नाही?

२०१६च्या अखेरीपासून क्यूबाची राजधानी हवाना येथील अमेरिकी दूतावासाच्या कर्मचाऱ्यांना कर्कश आवाज, चक्कर, डोकेदुखी, विस्मरण असा त्रास सुरू झाला. हा शत्रूचा हल्ला असावा, असा संशय होता. सप्टेंबर २०२१मध्ये भारतात आलेल्या सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांच्या पथकातील एकानेही तशीच तक्रार केली होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत अशा कर्मचाऱ्यांना भरपाई देण्यासाठी ‘हवाना कायदा’ झाला. त्यात हल्ला कोणी केला हे कर्मचाऱ्याने सिद्ध करायचे नसते, मेंदूला इजा झाल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. हे योग्यच.

घोडे अडते ते पुढे. भरपाई द्यायची की नाही, हे ठरवणार त्या कर्मचाऱ्याचेच खाते! २०२३मध्ये बहुतेक गुप्तचर संस्थांनी परकीय शत्रूचा हात असण्याची शक्यता जवळपास फेटाळली. अशा वातावरणात अर्जदाराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाणार? शिवाय कागदपत्रे गोपनीय. ती पाहायला वकिलाकडेही सुरक्षा परवाना हवा. असे वकील मोजकेच असणार. हवानात असाच त्रास झालेल्या कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना तर आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात जावे लागले.

देशासाठी परमुलखात पाठवलेल्या माणसाच्या वकिलाची फी सरकारने द्यावी आणि अपील खात्याबाहेरच्या न्यायाधीशापुढे चालावे. कारणाचा शोध शास्त्रज्ञ घेत राहतील.

– एक वाचक, पुणे