मंत्रिमहोदय, घोड्याच्या रक्ताचा हिशेब द्या

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार यांस,
स. न. वि. वि.

भाताच्या नट्टीआधी, म्हणजे लावणीआधी, खानापूर तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष, म्हणजे एएसव्ही, पोचेल असा शब्द आपल्या खात्याने दिला होता. नट्टी उरकली. परवा एका दवाखान्याच्या कपाटातून कुप्या निघाल्या, मुदत संपलेल्या. शेजारच्या दवाखान्यात एकही नव्हती. अभिनंदन!

ही कुपी कशी बनते, हे कुणी सांगितलंय का आपल्याला? नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष घोड्याला थोडंथोडं वाढवत टोचतात. टोचल्या जागी गळवं उठतात. मग मानेच्या शिरेतून रक्त, तेही पुन्हापुन्हा. त्या रक्तात तयार झालेलं प्रतिविष कुपीत भरतात. पुढे बॅचचा कस उंदरांवर. एका मिलिलिटरने नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारायला हवं, आणि ते ठरतं किती उंदीर मेले, किती वाचले यावरून. प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, शक्य तिथे जनावरांवरचे प्रयोग टाळा. इथे अजून टळत नाहीत, म्हणून आपण ते रक्त घेतो. पण घेतलेलं रक्त कपाटात सडवायला कुठलं कलम आहे?

वाया जातं ते आणखी एका ठिकाणी. घोणस, फुरसे यांचं विष भिनलं की रक्त गोठत नाही. म्हणून चावलेल्या माणसाचं रक्त गोठतं का, हे पाहायला कोरी, कोरडी काचेची नळी लागते. त्यात २ मिली रक्त घालून २० मिनिटं हात लावायचा नाही. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की चांगलं रक्तही गोठत नाही, आणि विष न भिनलेल्या माणसाला १० कुप्या चढतात. मण्यारीचं उलटं. तिचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्त नीट गोठतं. तेवढ्यावर घरी धाडलेला माणूस पहाटे श्वासाला महाग होतो. आणि अ‍ॅड्रेनलिन हे कुपीची रिअॅक्शन आवरणारं इंजेक्शन हाताशी नसलं की डॉक्टर रिअ‍ॅक्शनच्या भीतीने कुपी फोडतच नाहीत, 'बेळगावला न्या' म्हणतात. कणकुंबीहून, पावसात!

फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाची नोंद आपण सक्तीची केलीत. देशात वीस वर्षांत १२ लाख माणसं गेली म्हणतात. आमची त्यात किती, ते कन्नड तक्त्यात कुठेतरी असेल. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आहे का हे मोजायला तुमच्याकडे माणसं आहेत, कुप्या मोजायला नाहीत. १९५६ पासून आम्ही बेंगळूरला नकोसे, मुंबईला भाषणापुरते.

निदान एवढं करा. प्रत्येक दवाखान्यात १० कुप्या, अ‍ॅड्रेनलिन आणि काचेच्या नळ्यांचा एक डबा ठेवा. मुदतीला चार महिने उरले की कुप्या जिथे दंश जास्त तिथे हलवा. हलवल्याची नोंद दारावर लावा, कन्नडमध्ये आणि मराठीतही.

एक निवृत्त औषधनिर्माता,
खानापूर तालुका